ओबीएमच्या लाइट कॉईलवर दिवा: बल्ब का उडतो आणि काय जोडलं तर टिकतं

प्रश्न मुंबईतल्या खारदांड्याहून आला आहे. वडिलांची फायबरची लहान होडी, तिच्यावर १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक ओबीएम (आउटबोर्ड मशीन, होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), दोरी ओढून सुरू होणारं. बॅटरी नाही. टोपाखालून दोन वायरी नुसत्याच बाहेर आलेल्या आणि मशीनच्या पुस्तकात त्यांच्यापुढे ‘१२ व्होल्ट, ८० वॅट’ असं लिहिलेलं. त्या वायरींना तुम्ही स्कूटरचा ३५ वॅटचा बल्ब थेट जोडला. स्लोमध्ये तो तांबूस मिणमिणला आणि रेस दिल्याबरोबर उडाला. दुसरा लावला, तोही गेला. मग एलईडीचा वर्क लाइट आणलात, तो पहिल्याच रात्री बंद पडला. आता गॅरेजवाला म्हणतो आतली वीज बनवणारी लाइट कॉईल खराब आहे, बदलून टाका.

कॉईल बदलू नका. ती चांगली आहे म्हणूनच बल्ब उडतायत. खराब कॉईल बल्ब पेटवतच नाही, उडवणं तर लांबच.

घोळ त्या ‘१२ व्होल्ट’मुळे होतो. बॅटरीवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं तेव्हा छोटा दिवा लावा की मोठा, व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं. लाइट कॉईलचं तसं नाही. पुरेशी रेस असताना पूर्ण ८० वॅटचा भार लावलात तर साधारण १२ व्होल्ट मिळतील, एवढाच त्या छापील आकड्याचा अर्थ. भार कमी केलात की व्होल्टेज वर जातं, रेस कमी केलीत की खाली येतं. ही गोष्ट एकदा नीट कळली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेले असतात आणि त्याच्या खाली स्टेटर प्लेटवर कॉईली. त्यातली एक सीडीआयची (प्लगला ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खोक्याची): बारीक तारेचे खूप वेढे, त्यातून शेकडो व्होल्ट निघतात आणि ते प्लगच्या ठिणगीसाठी असतात. दुसरी लाइट कॉईल: जाड तार, थोडे वेढे. चुंबक तिच्यापुढून फिरला की तिच्यात एसी करंट तयार होतो. फ्लायव्हीलमध्ये चुंबकाच्या तीन जोड्या असतील तर ९०० आरपीएमला ४५ हर्ट्झ आणि ४५०० आरपीएमला २२५ हर्ट्झ. वेग वाढला की कॉईलमध्ये तयार होणारं व्होल्टेज वाढतं, पण फ्रिक्वेन्सीही वाढते, आणि फ्रिक्वेन्सी वाढली की एसीला कॉईलचा स्वतःचा होणारा अडथळाही त्याच प्रमाणात वाढतो. परिणाम असा की करंट एका मर्यादेपुढे फारसा जातच नाही. ८० वॅटच्या कॉईलचा करंट धरा ८० भागिले १२, म्हणजे ६.७ अँपिअरच्या आसपास. ती तेवढा करंट ढकलायला बघते, समोर काहीही असो.

आता तुमचा ३५ वॅटचा बल्ब. १२ व्होल्टला त्याचा रेझिस्टन्स सुमारे ४ ओहम. त्यातून ६.७ अँपिअर जायचे म्हटले तर त्याच्या दोन टोकांना २७ व्होल्ट लागतील. तिथवर पोचण्याआधीच तार वितळते. फिलामेंटचा बल्ब व्होल्टेजला फार नाजूक असतो. नुसतं १० टक्के जास्त व्होल्टेज दिलं तरी त्याचं आयुष्य सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर येतं, मग दुपटीची गोष्टच नको. आणि स्लोमध्ये तोच बल्ब तांबूस दिसतो कारण तेव्हा फ्लायव्हील इतक्या सावकाश फिरतं की कॉईलमध्ये पुरेसं व्होल्टेजच उभं राहत नाही.

बॅटरी नसलेली, रेग्युलेटर नसलेली जुनी स्कूटर ज्यांनी चालवली आहे त्यांना हे पाठ असेल. सिग्नलला हेडलाइट मलूल, गाडी पळवली की लख्ख, आणि हेडलाइटचा बल्ब गेला की पाठोपाठ मागचा छोटा बल्बही जाणार. कारण हेडलाइट खात होता तो करंट आता एकट्या टेललाइटच्या वाट्याला येतो. त्या काळी बल्ब हाच रेग्युलेटर होता. कंपनीने ठरवलेल्या वॅटचाच बल्ब लावायचा, कमी नाही, जास्त नाही. तुम्हाला कोणी दोन बल्ब सिरीजमध्ये लावायला सांगितलं असेल तर रेसमध्ये ते वाचतीलही, पण स्लोमध्ये काहीच दिसणार नाही, आणि जाळं ओढताना मशीन स्लोलाच असतं.

म्हणून सरळ सांगतो: लाइट कॉईलला दिवा जोडायचा नाही, रेग्युलेटर जोडायचा. दिवा रेग्युलेटरच्या पुढे. आणि तुमच्यासारख्या समुद्रात जाणाऱ्या माणसासाठी मध्ये बॅटरीही हवीच, तिचं कारण खाली येईल.

कामाला हात लावण्याआधी मीटर घ्या. साधा डिजिटल मीटर चालेल.

मशीन बंद ठेवून आधी ओहम मोजा. मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून जो आकडा दिसतो (साधारण ०.२ ते ०.३) तो लक्षात ठेवा आणि पुढच्या आकड्यातून वजा करा. नाहीतर फसाल, कारण लाइट कॉईलचा रेझिस्टन्स स्वतःच ओहमच्या काही दशांशांपासून फार तर एखाद्या ओहमपर्यंत असतो. शंभर, दोनशे, पाचशे ओहम दिसले तर तुम्ही सीडीआयच्या कॉईलवर आहात. तिला हात लावू नका. तिच्यावर दिवा पेटणार नाही, मशीन मात्र बंद पडेल आणि झटका बसेल तो वेगळा. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. मॉडेलनुसार रंग बदलतात, आणि जुन्या मशीनमध्ये मधल्या कोणीतरी हाताला आली ती वायर जोडलेली असते. बंद करायच्या बटणाची वायरही ओळखून बाजूला ठेवा. तिच्यावर चुकून बॅटरीचे १२ व्होल्ट गेले तर सीडीआय जातो, आणि त्याची किंमत या सगळ्या कामापेक्षा जास्त आहे.

मग दोन्ही वायरींपैकी प्रत्येक वायर आणि मशीनची बॉडी यांच्यात कंटिन्युइटी, म्हणजे आतून जोड आहे का, ते बघा. बॉडीवरचा रंग थोडा खरवडून चकाकणाऱ्या धातूवर टोक टेकवा. दोन्ही वायरी बॉडीपासून सुट्या निघाल्या तर उत्तम, ती फ्लोटिंग कॉईल. ओबीएममध्ये दोन वायरी बाहेर काढलेल्या असतात तेव्हा बहुधा तसंच असतं. एक टोक बॉडीला जोडलेलं निघालं तर ती अर्थ केलेली कॉईल, आणि तिथे रेग्युलेटर वेगळा लागतो. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि नव्वद टक्के घोटाळे ती न केल्यामुळे होतात. अर्थ केलेल्या कॉईलला फुल वेव्ह ब्रिज (एसीचं डीसी करणारा चार डायोडचा संच) जोडून बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला लावलं तर ब्रिजमधला एक डायोड कॉईलला समांतर पडतो आणि प्रत्येक दुसऱ्या अर्ध्या लहरीला ती शॉर्ट होते. दिवे लागतात, पण चार्जिंग अर्धवट, आणि डायोड तापून तापून एक दिवस उडतो.

मशीन चालवून मोजायचं तर पिंपात पाणी भरून, पंपाच्या जाळीच्या वरपर्यंत पाणी राहील असं. पाण्याशिवाय मशीन मिनिटभरही चालवू नका, इम्पेलरचं रबर जळतं. मीटर एसी व्होल्टवर. स्लोला मोकळ्या वायरींवर काही व्होल्ट ते दहा-पंधरापर्यंत काहीही दिसू शकतं. हा आकडा फक्त कॉईल जिवंत आहे एवढंच सांगतो. पूर्ण रेसला मोकळ्या वायरींवर ४०-५० व्होल्टच्या पुढेही जाऊ शकतं, म्हणून तेव्हा उघड्या टोकांना बोटं नकोत. शिवाय हे एसी आहे. मीटर ४० व्होल्ट दाखवतो तेव्हा लहरीचा माथा ४० गुणिले १.४१, म्हणजे ५६ व्होल्टच्या वर असतो. तुमचा एलईडी त्या माथ्याने मारला. स्वस्त मीटर ५० हर्ट्झ डोळ्यापुढे ठेवून बनवलेला असतो, या बदलत्या फ्रिक्वेन्सीवर तो चुकतोही. तेव्हा आकड्यापेक्षा भार लावून बघा.

भार म्हणून मी इंडिकेटरचे २१ वॅटचे साधे बल्ब वापरतो. चार बल्ब समांतर जोडले की ८४ वॅट, तुमच्या कॉईलच्या अगदी जवळ. मशीन पाण्यात, गियरमध्ये, होडी धक्क्याला पक्की बांधलेली, आणि रेस हळूहळू मध्यापर्यंत. चारही बल्ब एकसारखे पिवळे-पांढरे पेटले आणि मीटर ११ ते १३ दाखवू लागला तर कॉईल ठणठणीत. चार बल्ब रेसमध्येही लाल राहिले, आणि एक काढल्यावर तिघं चांगले पेटले, तर कॉईल पुस्तकात लिहिली आहे त्यापेक्षा लहान आहे किंवा मॅग्नेटची ताकद उतरलेली आहे. गॅरेजवाल्याला ही चाचणी करून दाखवा, कॉईल बदलायचा विषय तिथेच मिटेल.

आता रेग्युलेटर. या कामाला शंट प्रकारचा लागतो. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीचा तो साधारण १४.४ ला बांधलेला असतो. तेवढ्यापर्यंत करंट पुढे जाऊ देतो आणि त्याच्या वर जायला लागलं की कॉईलची दोन टोकं आतल्या एससीआरने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) क्षणभर एकमेकांना जोडून टाकतो. कॉईल शॉर्ट करतो म्हटल्यावर माणसं घाबरतात. पण वर सांगितलं तसं करंट कॉईल स्वतःच अडवते, म्हणून तिला त्यात इजा होत नाही. मोटरसायकलींमध्ये वर्षानुवर्षं हेच चालत आलंय.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते, ती लक्षात असू द्या. दिवे बंद असताना रेग्युलेटर जास्त तापतो, कारण तेव्हा वापरायला कोणी नसलेला सगळा करंट तोच शॉर्ट करून जिरवत असतो. एलईडी लावून तुम्ही वीज वाचवलीत की त्याच्यावरचं काम वाढतं. म्हणून तो टोपाखाली प्लॅस्टिकच्या कोपऱ्यात चिकटवायचा नाही, फायबरवर नुसता स्क्रूने मारायचाही नाही. फायबर उष्णता नेत नाही. वहीच्या पानाएवढी, ३ मिलीमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या, तिच्यावर थर्मल पेस्ट लावून आरआर (रेक्टिफायर-रेग्युलेटर, एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा) बसवा आणि पट्टी वारा लागेल पण लाटेचं पाणी थेट आदळणार नाही अशा जागी लावा.

तुमच्या मशीनच्या कंपनीचा रेक्टिफायर-रेग्युलेटर मिळाला तर तोच घ्या, महाग पडला तरी. घेताना एक विचारा: हा नुसता रेक्टिफायर आहे की रेग्युलेटरसुद्धा? जुन्या ओबीएमबरोबर नुसते रेक्टिफायर येत. व्होल्टेज आवरण्याचं काम तेव्हा पाणी घालायची मोठी बॅटरी करायची, आणि तिचं पाणी सारखं आटायचं. सीलबंद बॅटरीला ते चालणार नाही. कंपनीचा नाही मिळाला तर मोटरसायकलचा आरआर चालतो, पण निवडून. ऑपेरा हाउसच्या बाजूला किंवा तुमच्या ओळखीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ‘सिंगल फेज, फुल वेव्ह’ असंच सांगा. त्याला एसीच्या दोन सारख्या रंगाच्या वायरी, बहुधा पिवळ्या, आणि एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह असते. दुकानातच मीटर लावा. एसीची कोणतीही वायर निगेटिव्हशी किंवा त्याच्या धातूच्या खोक्याशी थेट जोडलेली दिसता कामा नये. बऱ्याच स्कूटरींचा आरआर हाफ वेव्ह असतो, चारही वायरी चार रंगांच्या. लहरीचा एक अर्धा बॅटरीला आणि दुसरा अर्धा हेडलाइटला अशी त्याची वाटणी. तो अर्थ केलेल्या कॉईलसाठी आहे. तुमच्या फ्लोटिंग कॉईलला तो लावलात तर निम्मी वीज फुकट घालवाल.

आणि कॉईल अर्थ केलेली निघाली तर? दोन वाटा आहेत. हाफ वेव्ह आरआर लावून मिळेल तेवढ्यावर भागवा, एलईडीला ते पुरतंही. किंवा फ्लायव्हील काढून कॉईलचं स्क्रूखाली दाबलेलं टोक सोडवा आणि त्याला वायर जोडून बाहेर आणा. दुसरं काम पुलर असलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्या. हातोडीने फ्लायव्हील उडवणारे आहेत, त्यात आतला चुंबक तडकतो किंवा सुटतो, आणि सुटलेला चुंबक चालू मशीनमध्ये कॉईलींचा चुरा करतो.

लॅमिंग्टन रोडवरच्या छोट्या बोर्डांबद्दल थोडं, कारण तुमच्या वयाची मुलं तिथेच आधी जातात. केबीपीसी ३५१० नावाचा चौकोनी ब्रिज स्वस्त आणि मजबूत आहे, ३५ अँपिअर, १००० व्होल्ट. त्यात खोट नाही, पट्टीवर आवळून बसवला की झालं, ५ अँपिअरला साधारण १० वॅट उष्णता तोही टाकतो. पण त्याच्या पुढे माणसं एलएम २५९६ चा निळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा बोर्ड) लावतात आणि समजतात काम झालं. त्या चिपची मर्यादा ४० व्होल्ट. रेसमध्ये तुमची कॉईल, बोर्ड जवळपास काहीच खात नसताना, तिला ५६ दाखवणार. ७८१२ ही छोटी रेग्युलेटर चिप तर ३५ व्होल्टला आणि एका अँपिअरला संपते. फिल्टर म्हणून लावलेला ३५ व्होल्टचा कपॅसिटरही तसाच, फुगतो आणि फुटतो. हे सगळे सुटे भाग शंट रेग्युलेटरच्या पुढे चालतील, त्याच्याऐवजी नाही.

बॅटरीशिवाय नुसता आरआर आणि एलईडी चालणार नाही का, असं तुम्ही विचारणार. घरी चाचणीला चालतं, समुद्रात त्रास देतं. एलईडीच्या आत ड्रायव्हर असतो, त्याला ठरावीक वॅट हवे असतात. स्लोला व्होल्टेज पडलं की तो उलट जास्त करंट ओढतो, त्याने व्होल्टेज आणखी पडतं, ड्रायव्हर बंद होतो, भार गेला की व्होल्टेज चढतं, ड्रायव्हर परत सुरू. दिवा फडफडत राहतो. लोक म्हणतात एलईडी खराब. आरआरमधल्या काही जातींना तर समोर बॅटरी नसेल तर व्होल्टेज नीट सांभाळताच येत नाही.

पण बॅटरीचं खरं कारण दुसरं आहे. कॉईलवरचा दिवा मशीन चालू असेपर्यंतच जळतो. मशीन कधी बंद पडतं? पंख्यात जाळं अडकलं, प्लग ओला झाला, पेट्रोलमध्ये पाणी आलं तेव्हा. नेमक्या त्याच वेळी होडी आडवी होते, प्रवाहाबरोबर वाहते, आणि नेमक्या त्याच वेळी दिवा जातो. खारदांड्याहून बाहेर गेलात की ट्रॉलरची ये-जा असते, आणखी दक्षिणेला मुंबई बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांचा रस्ता. काळोखात तुमची फायबरची होडी त्यांना रडारवरही धड दिसत नाही. तुमच्या वडिलांचा जीव त्या एका पांढऱ्या दिव्यावर असतो, तो दिवा मशीनच्या मर्जीवर सोडू नका.

बॅटरी किती मोठी, हे दिव्यांवरून नाही, कॉईलवरून ठरवा. सगळे यूपीएसची ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी घेतात कारण ती सहज मिळते. पण तिला चार्जिंगचा करंट साधारण ०.३ पट, म्हणजे २ अँपिअरच्या आसपासच सोसतो. तुमची कॉईल रेसमध्ये ४-५ अँपिअर देईल. उतरलेली छोटी बॅटरी रोज असा मारा खाऊन फुगते. १८ अँपिअर-अवरची घेतलीत तर ५ अँपिअर तिला मानवतो. पांढरा एलईडी २ वॅटचा धरा, ०.१७ अँपिअर. निम्मी बॅटरीच वापरायची ठरवली तरी ९ भागिले ०.१७, म्हणजे पन्नास तासांच्या वर दिवा जळेल, मशीन बंद असताना. लिथियम बॅटरी हलकी असते खरी, पण तिच्या आतलं सर्किट भरल्यावर अचानक तोडून टाकतं आणि त्या क्षणी वायरीत व्होल्टेज उसळतं. शंट आरआर चांगला असेल तर तो ते आवरतो, साध्याला आवरत नाही. या होडीवर मी लेडचीच लावेन.

जोडणी तोंडी सांगतो. कॉईलच्या दोन वायरी आरआरच्या दोन एसी वायरींना, उलटसुलट चालतं. आरआरचं पॉझिटिव्ह बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात. आरआरचं निगेटिव्ह बॅटरीच्या निगेटिव्हला. बॅटरीवरून दुसरा फ्यूज घेऊन स्विचकडे, स्विचवरून दिव्यांकडे. प्रत्येक दिव्याला दोन वायरी, परतीच्या वाटेला मशीनची बॉडी वापरायची नाही. जमिनीवरच्या गाडीत ते चालतं, खाऱ्या पाण्यात बॉडीतून करंट फिरला की अ‍ॅल्युमिनियम खायला लागतं. मशीन चालू असताना बॅटरीची वायर काढायची नाही, हे वडिलांनाही सांगून ठेवा.

वायर १.५ स्क्वेअर मिलीमीटर, बारीक तारांची, कथलाचा मुलामा दिलेली मिळाली तर फारच चांगलं. लोहार चाळीत मरीन वायर मागितलीत तर दाखवतात. मशीनपासून दिव्यापर्यंत ३ मीटर, परत ३ मीटर धरले तर ५ अँपिअरला तिच्यात ०.४ व्होल्टच्या आत जातो. बारीक ०.५ ची वायर घेतलीत तर तिथेच सव्वा व्होल्टच्या आसपास गेला, आणि मग दिवा मंद का म्हणून आरआरला दोष.

जोड हा या सगळ्यातला सर्वांत कच्चा भाग. आमच्याकडे मीठ तांब्यावर कसं चढतं ते बघायचं असेल तर एका मोसमानंतर कुठल्याही होडीवरचा काळ्या टेपचा जोड सोडून बघा. आत हिरवी पूड असते, आणि वायर दोन इंच मागे कापली तरी तार काळीच निघते, कारण पाणी इन्सुलेशनच्या आतून चढत गेलेलं असतं. नुसती पिळून टेप लावू नका. थिंबल घालून चांगल्या क्रिंपरने दाबा, पक्कडीने नाही, आणि वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. लायटरने तापवली की दोन्ही टोकांतून डिंकाचा एक थेंब बाहेर दिसला पाहिजे. तो दिसला तर आत हवा राहिली नाही. डागाचा (सोल्डरचा) जोड वाईट नसतो, पण मशीनच्या कंपनाने वायर डागाच्या कडेलाच तुटते, म्हणून तो दिला तर पुढची वायर पट्टीने बांधून टाका. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलिन.

बॅटरी उंचावर, झाकणाला भोकं असलेल्या डब्यात, पट्ट्याने बांधून. तळातलं खारं पाणी बॅटरीत गेलं तर क्लोरीन वायू निघतो. पेट्रोलच्या टाकीपासून ती लांब हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते, आणि सैल थिंबलची एक ठिणगी पुरते. जून-जुलैची बंदी हा या कामाचा योग्य काळ: होडी वर ओढलेली, घाई नाही, सगळं वाळवून नीट बसवता येतं.

दिवे कोणते लावायचे हे कायद्यानेही ठरलेलं आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १२ मीटरपेक्षा लहान, मशीनवर चालणाऱ्या बोटीला सगळ्या बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा आणि बाजूचे दिवे लागतात, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. पांढरा २ मैलांवरून दिसला पाहिजे, बाजूचे १ मैलावरून. ट्रॉल सोडून दुसरं जाळं टाकून मासेमारी चालू असेल तर लाल वर आणि पांढरा खाली. पांढरा दिवा माणसाच्या डोक्याच्या वर, काठीवर घ्या, म्हणजे उभ्या माणसाने तो झाकला जात नाही आणि त्याचा झोत तुमच्याच डोळ्यांत येत नाही. १८ वॅटचा वर्क लाइट वेगळ्या स्विचवर, खाली जाळ्याकडे तोंड करून, आणि फक्त काम असेल तेव्हा. तो चालू असताना बाकीचे दिवे लांबून ओळखू येत नाहीत, आणि नियमालाही ते मान्य नाही. ‘९ ते ३२ व्होल्ट’ लिहिलेला घ्या, ‘१२ व्होल्ट’ एवढंच लिहिलेला नको. वायरलेस सेट असेल तर स्वस्त एलईडीने त्यात खरखर येते. वर्क लाइट चालू-बंद करून बघा, खरखर त्याचीच असेल तर लगेच कळेल.

सगळं जोडून झाल्यावर बॅटरीच्या टोकांवर मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. मशीन बंद, बॅटरी भरलेली: १२.६ ते १२.८. स्लोला, दिवे चालू असताना तो १२.५ च्या आसपास राहिला तरी चालेल, कमी पडतं तेवढं बॅटरी देते. मध्यम रेसला सगळे दिवे लावून १३.५ च्या वर चढला पाहिजे. दिवे बंद करून तीच रेस ठेवली की १४ ते १४.५ वर जाऊन थांबला पाहिजे. न थांबता १५ च्या पुढे गेला तर मशीन लगेच बंद करा, आरआर चुकीचा किंवा बिघडलेला आहे. आणि १२.८ च्या वर हलतच नसेल तर आधी फ्यूज, मग एसीचे दोन जोड, मग आरआर, या क्रमाने बघा. कॉईल सगळ्यात शेवटी, आणि तीही चार बल्बांची चाचणी परत करूनच.